अडलं की मागे फिरा : 'लिंक्स अवेकनिंग' खेळणाऱ्या मुलीच्या आईला उत्तर

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी सातवीत, मराठी माध्यमात. मावशीने दिलेल्या स्विच लाइटवर, म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, ती 'द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग' खेळते. दोन डंजन (कोडी आणि राक्षसांनी भरलेली भुयारं) झाले आणि आता आठवडाभर एका गढीबाहेर अडकली आहे. आत जायला वाटच सापडत नाही, रोज रडारड. यूट्यूबवर सगळी उत्तरं आहेत, ती दाखवावीत का? खेळातलं इंग्रजी तिला पुरतं कळत नाही, त्याचं काय करायचं? वडील म्हणतात, वेळ वाया चाललाय. शिवाय मामाकडून जुना गेम बॉय, म्हणजे निन्टेंडोचंच जुनं हातातलं यंत्र, आलाय, त्यातही हाच खेळ आहे, पण बंद केला की खेळलेलं सगळं पुसलं जातं.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मी हातात धरून खेळायची यंत्रं दुरुस्त करतो, आणि झेल्डा ही खेळांची मालिका मी शाळेत असल्यापासून खेळत आलोय. सुट्टीत आजूबाजूची मुलं दुकानात येऊन बसतात, त्यामुळे कोण कुठे अडकतं ते चांगलं ठाऊक झालंय. तुमच्या लेकीला जिथे अडलंय, तिथे जवळजवळ प्रत्येक जण अडतो.

ताई, व्हिडिओ दाखवू नका, निदान अजून नाही. तिला एवढंच सांगा, की या खेळात अडलं की पुढे धडका मारायच्या नाहीत, मागे फिरायचं. उत्तर बहुतेक वेळा आधी पाहिलेल्या जागीच असतं.

हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाही. खेळाची बांधणीच तशी आहे. हा खेळ पहिल्यांदा १९९३ साली गेम बॉयवर आला आणि या मालिकेतला हातातल्या यंत्रावरचा हा पहिलाच. मालिका १९८६ पासूनची, पण तोवर ती टीव्हीला जोडायच्या यंत्रावर होती. निन्टेंडोतल्या काझुआकी मोरिता यांनी गेम बॉयवर हौस म्हणून प्रयोग सुरू केला. मग काही जण ऑफिस सुटल्यावर थांबून त्यावर काम करू लागले. आधी विचार होता की टीव्हीवरचा आदला खेळच छोट्या पडद्यावर आणावा. पुढे ताकाशी तेझुका यांच्या दिग्दर्शनाखाली त्याची अगदी वेगळी गोष्ट झाली. त्यात राजकन्या झेल्डा भेटत नाही, तिचं राज्यही नाही. वादळात जहाज फुटून लिंक, म्हणजे खेळाचा नायक, एका अनोळखी बेटावर वाहत येतो. बेटाचं नाव कोहोलिंट. डोंगरावर एक प्रचंड अंडं आहे, त्यात विंड फिश झोपलेला आहे. आठ डंजनमधून आठ वाद्यं गोळा करून त्याला जागं करायचं, म्हणजे बेटाबाहेर पडता येईल.

गेम बॉयचा पडदा केवढा? १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट रंगाच्या चार छटा. एका वेळी बेटाचा एकच तुकडा दिसायचा आणि कडेला गेलं की पुढचा तुकडा सरकून यायचा. असे सोळा ओळींत सोळा, म्हणजे २५६ चौकोन. जागा इतकी थोडी असल्यामुळे करणाऱ्यांनी एकही चौकोन वाया घालवलेला नाही. प्रत्येकात काहीतरी आहे, आणि बरंचसं पहिल्या भेटीत हाती न लागणारं. उचलता न येणारा दगड, पलीकडे जाता न येणारा खड्डा, काठावरून दिसणारी पण पोहून गाठता न येणारी पेटी. पहिल्या डंजनमध्ये पीस मिळतं, त्याने उडी मारता येते. दुसऱ्यात कडं मिळतं, त्याने दगड उचलता येतात. तिसऱ्यात धावायचे बूट, चौथ्यात पोहायचे पंख. नवी वस्तू मिळाली की आधी पाहून सोडून दिलेल्या निम्म्या जागा उघडतात. २०१९ साली स्विचवर आलेल्या नव्या रूपात चित्रं गोंडस आणि रंगीत झाली, बेट सलग झालं, पण खाली चौकोन तेच आहेत. ज्याला ते आठवतात तो पुढे जातो.

म्हणून पहिलं काम, गणिताची चौकटीची वही आणा. दोन पानं जोडून सोळा बाय सोळा घरांचा नकाशा आखा. ज्या घरात काही 'आत्ता जमत नाही' असं दिसेल तिथे तिने स्वतःची खूण करायची. दगडाला गोल, खड्ड्याला फुली, कुणी काही मागत असेल तर त्या वस्तूचं चित्र. नव्या रूपात नकाशावर खुणेच्या पिना टोचता येतात आणि लोकांचं बोलणंही नोंदून राहतं, ते वापरूच दे. पण हाताने काढलेलं जास्त आठवतं असं मी दुकानात पुन्हा पुन्हा पाहिलंय. वही असलेलं पोर अडतं तेव्हा वही चाळतं. वही नसलेलं त्याच भिंतीवर तलवार आपटत बसतं.

आता ती गढी. तिचं नाव कॅनालेट. दार बंद, भोवती खंदक. तुम्ही तिला उत्तर सांगू नका, एकेक प्रश्न विचारा आणि प्रत्येक प्रश्नानंतर तिला खेळू द्या. गढीच्या बाहेर कोण बसलंय? माकड. ते काय मागतंय? केळी. केळी बेटावर कुठे पाहिल्यासारखी वाटतात का? इथे बहुतेक मुलांचा चेहरा उजळतो, कारण समुद्रकिनाऱ्यावर मगरीचं घर आहे आणि तिथे केळी आहेत. मगर ती फुकट देणार नाही. तिला डबाबंद खाण्याचे डबे जमवायचा शौक आहे. डबाबंद खाणं कुणाकडे असेल? गावातल्या छोट्या कुत्रीकडे. तिला हवी रिबीन. रिबीन एका घरातल्या आईकडे आहे, आणि तिच्या बाळाला हवी बाहुली. बाहुली कुठे? मेब गावातल्या क्रेनच्या दुकानात, जिथे १० रुपी (खेळातलं नाणं) देऊन पंज्याने वस्तू उचलायच्या असतात. खेळाच्या अगदी पहिल्या तासात ती त्या दुकानासमोरून गेलेली असणार.

म्हणजे गढीचा पूल सुरू होतो गावातल्या बाहुलीपासून. माकडाला केळी दिली की माकडांची टोळी येऊन पूल बांधते. पूल झाल्यावर एक काठी उरते, ती घ्यायला विसरू नको म्हणावं. हीच देवाणघेवाण पुढे शेवटपर्यंत चालते. काठीवरून मधाचं पोळं, त्यावरून अननस, मग जास्वंदीचं फूल, पत्र, झाडू, असं करत करत एक भिंग हाती येतं. ते भिंग का लागतं हे तिला शेवटच्या टप्प्यात कळेल. गावातल्या वाचनालयात एक पुस्तक आहे, त्यातली अक्षरं फार बारीक आहेत, एवढं मी इथे लिहून ठेवतो.

गढीत शिरल्यावर पाच सोनेरी पानं शोधायची आहेत. ती रिचर्ड नावाच्या माणसाला द्यायची, मग तो तिसऱ्या डंजनच्या किल्लीची वाट दाखवतो. सगळी पानं गढीच्या आत नाहीत. बाहेर झाडावर एक कावळा बसलाय, आणि तिच्या हातात दुसऱ्या डंजनचं कडं आहे. दगड उचलता येतो तर तो फेकताही येतो, इतकं सुचवलं तरी पुरे. किल्ली मात्र जमिनीत पुरलेली आहे. खणायला फावडं लागतं आणि ते गावच्या दुकानात २०० रुपींना मिळतं. पुन्हा गावच.

त्या दुकानाबद्दल एक गोष्ट मुलांना आधीच सांगावी असं मला वाटतं. दुकानदार पाठमोरा असताना वस्तू उचलून पळून जाता येतं. खेळ अडवत नाही. पण त्यानंतर बेटावरचा प्रत्येक माणूस तुम्हाला तुमच्या नावाने नव्हे तर चोर म्हणून हाक मारतो, आणि पुन्हा त्या दुकानात पाय टाकला की दुकानदार जीव घेतो. धनुष्याची किंमत ९८० आहे, मोह होणारच. गवत कापून, दगडाखाली पाहून पैसे साठवायला वेळ लागतो, पण साठतात. शिवाय एकदाही न मरता खेळ पूर्ण केला तर शेवटी एक छोटं जास्तीचं दृश्य दिसतं, ते त्या चोरीपायी जातं.

प्रश्न विचारूनही ती अडलीच, तर व्हिडिओच्या आधी आणखी एक दार आहे, तेही खेळाच्या आतच. बेटावर जागोजागी झाडाच्या आकाराची टेलिफोनची घरं आहेत. आत जाऊन फोन लावला की उलरीरा आजोबा बोलतात. हे आजोबा समोर भेटले की लाजून गप्प असतात, फोनवर मात्र भरभरून सांगतात, आणि त्या क्षणी पुढे काय करायचं त्याचीच दिशा देतात. बरीच मुलं त्या घरात एकदा डोकावतात आणि पुन्हा जात नाहीत. मी तर म्हणेन, रोज खेळायला बसल्यावर पहिला फोन आजोबांना. याखेरीज एक घुबड वाटेत येऊन बोलतं, त्याचं बोलणं घाईघाईने बटण दाबून उडवून लावू नये.

डंजनच्या आतलं तंत्र थोडं वेगळं आहे. तिथे नकाशाइतकंच कानाला महत्त्व. होकायंत्र मिळालं की ज्या खोलीत किल्ली लपलेली असते तिथे शिरताच एक सूर वाजतो. आवाज बंद करून खेळणाऱ्या मुलाला तो ऐकूच येत नाही आणि मग किल्ली कमी पडली म्हणून सगळ्या खोल्या पुन्हा पालथ्या घालाव्या लागतात. भिंतीवर तलवारीचं टोक ठोकलं की भरीव भिंत एक आवाज देते, पोकळ भिंत दुसरा. पोकळ असेल तिथे बाँब. साताऱ्यातल्या मुलांना हे लगेच पटतं, अजिंक्यताऱ्यावर गेलं की तटाला कान लावून चोरवाट शोधायचा नाद प्रत्येकालाच असतो. दगडी चोच नावाची वस्तूही सोडू नये, ती असली की घुबडाचे पुतळे सूचना देतात.

प्रत्येक डंजनच्या शेवटच्या राक्षसाला भिडताना बहुतेक मुलं नुसती तलवार फिरवतात. पहिल्या डंजनमधला मोल्डॉर्म तिने मारला आहेच, म्हणजे तिला एक नियम माहीत आहे, फक्त तो नियम आहे हे कुणी सांगितलेलं नसेल. त्याला शेपटीवर मारावं लागतं, बाकी कुठेही मारलं तरी काही होत नाही. प्रत्येक राक्षसाला अशी एक दुखरी जागा असते, आणि ती उघडी पाडायचं साधन बहुधा त्याच डंजनमध्ये मिळालेलं असतं. दुसऱ्या डंजनमधला बाटलीतला जिनी तिने कड्यामुळेच हरवला असणार, बाटली उचलून भिंतीवर आपटून. तिसऱ्यात बूट मिळाले की बुटांचा विचार कर म्हणावं. एक अपवाद पाचव्यात येतो. सांगाड्यांचा सरदार तलवारीने कोसळतो आणि पुन्हा उठून बसतो. तो पडलेला असतानाच बाँब ठेवायचा. तो चार वेळा गाठ पडतो, तेव्हा आत जाताना बाँब भरून न्यावेत. एवढं एक मी उघड सांगतो, कारण बाँब संपल्यामुळे तिथून परत फिरावं लागणं हा त्रास आहे, कोडं नाही.

चौथ्या डंजनच्या आधी मॅरिन सोबत येते. सुरुवातीला किनाऱ्यावर लिंकला शोधून घरी आणणारी, गाणारी मुलगी ती हीच. वाळवंटाच्या वाटेवर एक वॉलरस आडवा झोपलाय, तिच्या गाण्याने तो उठतो. तिला घेऊन सरळ वाळवंटाकडे जाऊ नका. मी सगळ्या मुलांना हे आवर्जून सांगतो. आधी गावात फिरा, क्रेनच्या दुकानात जा, विहिरीत उडी मारा, कुणाच्या घरातली मडकी फोडा, कोंबड्यांजवळ जा. ती प्रत्येक ठिकाणी वेगळं काहीतरी बोलते, वेगळं काहीतरी करते. या सगळ्यातून खेळात एक पैही मिळत नाही. पण पुढे जे घडणार आहे त्याचं मोल या फेरफटक्यावर ठरतं, आणि घाईत खेळणाऱ्यांचा हाच भाग निसटतो. व्हिडिओ बघून खेळणाऱ्यांचा तर हमखास, कारण त्यात सर्वांत जवळचा रस्ता दाखवलेला असतो.

इंग्रजीचं म्हणाल तर अडचण खरी आहे, पण हा खेळ त्या बाबतीत दयाळू आहे. माणसं आवाजात बोलत नाहीत, मजकूर पडद्यावर येतो आणि बटण दाबेपर्यंत तसाच थांबतो. वाक्यं लहान आहेत. पहिले काही दिवस तुम्ही किंवा तिचे बाबा शेजारी बसा आणि वाचून मराठीत सांगा. सगळं नाही, कोण काय मागतंय आणि कुठे जायला सांगतंय एवढंच. दोन-तीन डंजननंतर मुलं स्वतःच वाचायला लागतात, कारण न वाचता गाडी पुढे सरकत नाही. शब्द अडला तर वहीत, त्याच नकाशाच्या मागच्या पानावर लिहायचा.

बाबांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. या खेळाने गणित सुधारतं, बुद्धी वाढते, असली कारणं मी देणार नाही. तो अभ्यास नाही. ती एक चांगली, मनापासून रचलेली गोष्ट आहे आणि ती वाचायला हात, डोळे आणि आठवण तिन्ही लागतात. कादंबरीला जितका वेळ देऊ तितका द्यावा. रमतगमत खेळलं तरी वीस-पंचवीस तासांत संपते, आणि संपते हे महत्त्वाचं. मोबाइलवरच्या खेळांसारखी रोज बोलावत नाही, मध्येच पैसे मागत नाही. रोजचा पाऊण तास ठरवा. स्विचसाठी निन्टेंडोचं पालकांसाठीचं मोबाइल ॲप आहे, त्यात वेळेची मर्यादा घालता येते. पण मला विचाराल तर तोंडी ठरवलेलं बरं, आणि वेळ संपली तेव्हा ती डंजनच्या राक्षसासमोर असेल तर पाच मिनिटं जास्त द्या. यंत्र झोपवून ठेवलं तरी खेळ तिथेच थांबतो, ही सोयही तिला दाखवा.

बाबांनी एकदा तिच्याबरोबर बसावं, विशेषतः सहाव्या डंजनच्या आधी. तिथे दक्षिणेकडच्या पडक्या देवळात भिंतीवर एक चित्र कोरलेलं आहे. त्यानंतर खेळ तोच राहतो, पण खेळणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो की विंड फिशला जागं करायचं ते नेमकं कशासाठी, आणि त्याची किंमत कोण देणार. चित्रात काय आहे ते मी लिहीत नाही. पण सातवीतल्या मुलीला तो प्रश्न लागतो. कुणी शेजारी असलं तर ती बोलते, एकटी असली तर काही मुलं तिथेच खेळ सोडून देतात. सोडू देऊ नका. शेवट तिला पाहू द्या, आणि त्याबद्दलचा कुठलाही व्हिडिओ आधी दाखवू नका. माझा व्हिडिओला विरोध आहे तो मुख्यतः याच कारणाने. यूट्यूबवर गढीचा पूल शोधायला गेलं की शेजारच्याच चौकटीत शेवट दिसतो. एखाद्या कोड्यात फारच गुंतली तर तुम्ही स्वतः पाहा आणि एका वाक्यात सांगा, तिच्या हातात फोन देऊ नका.

शिंपले, हार्टचे (जीव वाढवणारे) तुकडे वगैरे गोळा करण्याच्या मागे पहिल्या खेपेला लागू नये. नव्या रूपात शिंपले ५० आहेत आणि हार्टचे तुकडे ३२, जुन्यात अनुक्रमे २६ आणि १२. वाटेत मिळतील ते घ्यावेत. दुसऱ्या खेपेला हवे तर सगळे शोधावेत.

आता मामांचा गेम बॉय. कॅसेटमधली (खेळ ज्या डबीत असतो तिच्यातली) बॅटरी गेली असं धरून चालू नका. जुन्या खेळात खेळलेलं आपोआप सेव्ह, म्हणजे जतन, होत नाही. ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट ही चारही बटणं एकदम दाबली की सेव्हचा पडदा येतो. हे पुस्तिकेत असतं आणि पुस्तिका कुणाकडेच उरलेली नसते, त्यामुळे दुकानात येणाऱ्या 'सेव्ह होत नाही' अशा कितीतरी कॅसेटी मी न उघडता परत दिल्या आहेत. आधी ते करून पाहा. तसं करून, यंत्र बंद करून लगेच चालू केल्यावर सेव्ह दिसलं पण दुसऱ्या दिवशी गेलं, तर मात्र कॅसेटमधली बॅटरी संपली आहे. आत नाण्याच्या आकाराची लिथियम बॅटरी असते, तिच्यावरच सेव्ह टिकतं. तीस वर्षांनी ती संपणं साहजिक आहे. बॅटरी पट्ट्यांनी डाग देऊन बसवलेली असते, म्हणून नवी घेताना पट्ट्या लावलेलीच घ्यावी आणि तिच्यावरचा नंबर जुन्याशी जुळवावा. नुसती सुटी बॅटरी चिकटपट्टीने अडकवू नका, कॅसेट हलली की संपर्क तुटतो. कॅसेटचा स्क्रू साध्या पान्याने निघत नाही, ३.८ मिलीमीटरचा खास पाना लागतो. बॅटरी काढताच आतलं सेव्ह जातं, मामांचं जुनं सेव्ह आत असेल तर त्यांना आधी विचारा. आणि उघडल्यावर आत बॅटरीची जागाच रिकामी असेल तर कॅसेट नकली आहे, तिच्यावर खर्च करू नका.

दोन्हींपैकी आधी कोणतं, तर नवं पूर्ण करू दे. जुन्यात वापरायला दोनच बटणं आहेत. तलवार, ढाल, पीस, बूट यातलं काहीही वापरायचं तर दर वेळी पिशवी उघडून बटणावर लावायचं, त्यात लहान मुलाचा धीर सुटतो. बेट ओळखीचं झाल्यावर तेच जुनं रूप फार गोड लागतं, आणि तिची वही तिथे जशीच्या तशी चालते. फक्त अंड्याच्या आतली वाट वहीतून उतरवू नका. मूळ खेळात ती प्रत्येक सेव्हला सारखी नसते, वाचनालयातलं पुस्तक पुन्हा वाचावं लागेल.